ओळीच्या शेवटी :२४

मंगळवारी सकाळी ओळखीच्या एका तरुण संकलकाचा फोन आला तेव्हा मी नौपाड्यातल्या बँकेत रांगेत उभी होते.

"ताई, डीआयवाल्यांकडे माझं पहिलं रीळ बसत नाहीये. कटांच्या यादीतल्या २७० ओळींपैकी ४१ लाल येतायत. ते म्हणतात तुमची फाइल करप्ट आहे, पुन्हा काढून द्या. मी तीनदा काढली."

"लाल ओळींतली एखादी वाचून दाखव."

त्याने वाचली. तास, मिनिटं, सेकंदं आणि शेवटी चोवीस. दुसरी वाचायला सांगितली. शेवटी चोवीस. तिसरीत ते शेवटी नव्हतं, मधल्या रकान्यात होतं, पण होतं.

रांगेतला नंबर मागच्या काकांना दिला आणि बाहेर आले.

हा आकडा ऐकून ज्यांना काही झालं नाही त्यांच्यासाठी सांगते. डीआय म्हणजे जिथे चित्रपटाचं रंगाचं काम आणि शेवटची प्रत होते ती जागा. चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम असतात आणि टाइमकोडात, म्हणजे तास:मिनिट:सेकंद:फ्रेम अशा पत्त्यात, त्या ०० ते २३ अशा मोजतात. तिथे २४ येऊच शकत नाही, जसं घड्याळात साठावं मिनिट येत नाही. यादीत :२४ दिसलं की ती यादी सेकंदाला २४ फ्रेम धरून बनलेली नाही हे नक्की, आणि आपल्याकडे मग ती २५ ची असते. म्हणजे फाइल धडधाकट होती. अख्खा चित्रपटच, ११२ मिनिटं, सहा रिळं, १,६४० कट, चुकीच्या वेगाच्या टाइमलाइनवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या शॉट ओळीने मांडायच्या पट्टीवर, कापला गेला होता. आणि त्यावर साउंडचं पाच आठवड्यांचं काम होऊन बसलं होतं.

माझ्याकडे रविवारी एडिटिंगमध्ये करिअर करायचं म्हणून मुलं येतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "कुठलं सॉफ्टवेअर शिकू?" हे प्रकरण मी त्यांच्यासाठी लिहून ठेवलं होतं. नावं सगळ्यांचीच गाळली आहेत.

माणसं आणि जागा

मुलगा कळव्याचा, सत्तावीस वर्षांचा. चार वर्षं घोडबंदर रोडवरच्या मालिकांच्या एपिसोडवर बसलेला. रात्री दोनला शूटिंगचं कार्ड येणार, सकाळी नऊला एपिसोड गेला पाहिजे, असल्या रगाड्यात तयार झालेला. हात विलक्षण जलद. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नट कुठे खोटं बोलतोय हे त्याला कळतं, आणि ते शिकवून येत नाही.

दिग्दर्शक ठाण्याचेच, एकांकिका स्पर्धांतून आलेले. त्यांनी त्याचं काम पाहून हा चित्रपट दिला. संकलन कोपरीतल्या दोन खोल्यांच्या जागेत. साउंड आणि डीआय दोन्ही अंधेरीत. व्हीएफएक्स नेरूळचे दोघे भाऊ करत होते: कुठे वायर पुसायची, कुठे मोबाइलच्या स्क्रीनवर मेसेज बसवायचा, एवढंच. हार्ड डिस्क डब्याच्या पिशवीतून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी असा प्रवास करायची.

शूटिंगला तीन कॅमेरे होते, आणि तिघांचे वेग तीन. मुख्य कॅमेरा बरोबर २४ वर. दुसरा छोटा मिररलेस. त्याच्या मेनूत '२४पी' लिहिलेलं, पण तो प्रत्यक्षात २३.९७६ वर चालतो. अमेरिकन रंगीत टीव्हीच्या जुन्या तडजोडीतून आलेला हा अपूर्णांक अजून कित्येक छोट्या कॅमेऱ्यांत तसाच बसलेला आहे. तिसरा ड्रोन. तो चालवणारा लग्नांची कामं करतो, म्हणून त्याच्याकडे कायम २५.

त्यात ड्रोनवाल्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभरदा मंद-तेज होतात, टीव्हीही त्याच हिशोबाने २५ फ्रेमचा. या देशात व्हिडिओ कॅमेरा हातात घेणाऱ्याला २५ हाच नैसर्गिक आकडा वाटतो. चित्रपटवाले मात्र बोलपट आले तेव्हापासून २४ ला चिकटून आहेत आणि दिव्यांची लुकलुक टाळायला शटर १७२.८ अंशांवर ठेवतात, म्हणजे उघडझाप सेकंदाच्या पन्नासाव्या भागाची होते. मुख्य कॅमेरामनने तसंच ठेवलं होतं. त्याच्या पहिल्या दिवसाच्या कॅमेरा रिपोर्टात '२४.००' स्वच्छ लिहिलेलं आहे. तो रिपोर्ट मुलाच्या मेलमध्ये पडून होता.

एक बटण

मग २५ आलं कुठून? मालिकेत प्रोजेक्टचा साचा तयार मिळतो. वेग, आकार, आवाजाची पातळी, सगळं चॅनेलने ठरवून दिलेलं. एडिटरने साचा उघडायचा आणि कापायला लागायचं. चार वर्षांत या मुलाला एकदाही स्वतः वेग निवडावा लागला नव्हता. चित्रपट हाती आला तेव्हा त्याने सवयीने तोच साचा उघडला. मुख्य कॅमेऱ्याचा पहिला शॉट टाइमलाइनवर टाकल्यावर सॉफ्टवेअरने विचारलं की हा शॉट टाइमलाइनच्या सेटिंगशी जुळत नाही, सेटिंग बदलू की आहे तेच ठेवू? त्याने 'आहे तेच ठेव' दाबलं.

मी त्याला नंतर विचारलं, का रे? म्हणाला, "ताई, मालिकेत तो प्रश्न रोज यायचा. मोबाइलचं फुटेज, स्टॉकचे शॉट, काही ना काही असायचंच. रोज तेच दाबायचो."

पुढे काय झालं ते नीट समजून घ्यावं लागतं, कारण झालं असं की काहीच झालं नाही. २४ चा शॉट २५ च्या टाइमलाइनवर ठेवला तर सॉफ्टवेअर त्याचा काळ बदलत नाही. दर सेकंदाला एक फ्रेम दोनदा दाखवून भरपाई करतं. दहा सेकंदांचा शॉट दहा सेकंदच राहतो, ओठ आणि आवाज जुळलेले राहतात. ११२ मिनिटांत अशा साधारण ६,७२० फ्रेम जमतात, कॅमेऱ्याने कधी न टिपलेल्या. संथ पॅनमध्ये, म्हणजे कॅमेरा हळू आडवा वळताना, सेकंदाला एकदा बारीकसा ठेचकाळल्यासारखा झटका दिसतो. दिग्दर्शकांना तो दिसला होता. लॅपटॉप अडकतोय असं दोघांनी ठरवून टाकलं.

पाच आठवडे कुणालाच कसं कळलं नाही?

हा या प्रकरणातला मला सर्वांत आवडणारा, म्हणजे भीती वाटावी असा भाग.

पिक्चर लॉक झाल्यावर, म्हणजे सगळे कट पक्के झाल्यावर, साउंडकडे दोन गोष्टी जातात: आवाजाचे तुकडे जागेवर लावलेली एएएफ फाइल, आणि वर टाइमकोड छापलेला संदर्भ व्हिडिओ. साउंडवाल्यांनी विचारलं, "कितीचं आहे?" दिग्दर्शक म्हणाले, "फिल्म आहे, चोवीसच." त्यांनी २४ चं सेशन उघडलं. व्हिडिओ २५ चा होता. पण २४ चा असो वा २५ चा, दोन्ही टाइमकोड खऱ्या सेकंदाला सेकंदच मोजतात. तास जुळतो, मिनिट जुळतं, सेकंद जुळतं. फरक फक्त शेवटच्या दोन आकड्यांत, आणि ते इतक्या वेगाने पळतात की कुणी वाचत नाही. रिळाच्या आरंभी चित्राच्या दोन सेकंद आधी एक 'पॉप', म्हणजे एका फ्रेमचं चित्र आणि तेवढाच 'टुक' आवाज, ठेवतात, शेवटीही एक ठेवतात. दोन्ही चित्र-आवाज जुळले की रीळ सिंकमध्ये आहे असं मानतात. दोन्ही पॉप अचूक जुळले. जुळणारच, काळ कुठे बदलला होता?

साउंडच्या सॉफ्टवेअरने व्हिडिओचा वेग लाल अक्षरांत दाखवला होता म्हणे. तिथल्या असिस्टंटने तो पाहिलाही होता. त्याला वाटलं, संदर्भाचा व्हिडिओ आहे, चालतं.

डीआयकडे गेली ती ईडीएल, म्हणजे कटांची यादी. हा यादीचा साचा सीएमएक्स ३६०० नावाच्या टेपच्या जमान्यातल्या यंत्रणेपासून चालत आलेला, अगदी साधा मजकूर. शॉट कुठून उचलला, कुठे ठेवला, एवढेच प्रत्येक ओळीत चार टाइमकोड. त्यात ड्रॉप फ्रेम आहे की नॉन-ड्रॉप, म्हणजे मोजताना अधूनमधून आकडे गाळायचे की नाही, हे लिहायला जागा आहे, पण सेकंदाला किती फ्रेम हे लिहायला जागाच नाही. २४ ची यादी आणि २५ ची यादी वरून हुबेहूब सारखी. फक्त :२४ हा एक आकडा चुगली करतो. एका ओळीत चार टाइमकोड, प्रत्येकात २५ पैकी एकदा तो यायची शक्यता, म्हणजे शंभरातल्या साधारण पंधरा ओळींत तो निघणार. २७० ओळींत ४१. हिशोब इतका चपखल बसला की मला स्टेशनच्या पुलावर हसू आलं.

आणि ज्या २२९ ओळी लाल झाल्या नाहीत त्याही चुकीच्याच होत्या, फक्त गप्प बसलेल्या. फ्रेम २० म्हणजे २५ च्या हिशोबात ०.८०० सेकंद, २४ च्या हिशोबात ०.८३३. यंत्राने मुकाट्याने दुसरं धरलं.

संध्याकाळची बैठक

संध्याकाळी कोपरीत सगळे जमलो. दिग्दर्शक उभेच होते. त्यांचं म्हणणं एका वाक्यात असं: हा मुलगा गेला, आता दुसरा एडिटर शोधा आणि साउंड पहिल्यापासून करा. मुलगा भिंतीला टेकून बसला होता, बोलत नव्हता. त्याच्या आईचे दोन फोन आले, त्याने कापले.

मी म्हटलं, साउंड वाया गेलेलं नाही. आवाजाला फ्रेम माहीतच नसते. तो सेकंदाला ४८,००० नमुने मोजतो. २४ ची एक फ्रेम म्हणजे २,००० नमुने, २५ ची म्हणजे १,९२०, २३.९७६ ची म्हणजे २,००२. चित्राची मोजपट्टी बदलली तरी आवाजाची पट्टी जागची हलत नाही. हे ऐकल्यावर दिग्दर्शक बसले.

मग मार्ग कोणते, यावर बोलणं झालं. निर्मात्यांच्या मेहुण्यांनी सुचवलं की २५ चीच प्रत काढा, थिएटरला काय कळतंय. सुचवणं अगदीच वेडगळ नव्हतं. पुढच्या मानकांत २५ ची डीसीपी, म्हणजे थिएटरला जाणारी डिजिटल प्रत, बसते. पण डिजिटल सिनेमासाठी हॉलिवूडच्या स्टुडिओंनी ठरवलेल्या २००५ च्या मूळ डीसीआय तपशिलात २के आकाराच्या चित्रासाठी २४ आणि ४८ हेच वेग आहेत, आणि तालुक्याच्या ठिकाणच्या जुन्या सर्व्हरवर २५ ची प्रत चालेल याची हमी कोण घेणार? शिवाय ते ठेचकाळणं कायमचं पडद्यावर राहिलं असतं, चाळीस फूट रुंदीत.

दुसरा मार्ग: सगळ्या फ्रेम तशाच ठेवून २४ च्या वेगाने चालवायच्या. चित्रपट ११२ मिनिटांवरून ११६ मिनिटं ४० सेकंद होतो. चार टक्के संथ. विनोदाच्या जागा सैल पडतात, आणि सूर उतरतो तो अर्ध्या स्वराच्या ७० टक्क्यांनी. या चित्रपटात कीर्तन आहे. काळी दोनमध्ये म्हटलेला अभंग धड काळी दोनमध्ये राहत नाही, धड पांढरी दोनमध्ये जात नाही. सूर यंत्राने परत वर ओढता येतो, पण टाळांचा आवाज त्यात चिरडतो. दिग्दर्शकांनी हात जोडले.

उरला तिसरा: २४ ची नवी टाइमलाइन बांधायची, मूळ शॉट मूळ वेगाने बसवायचे, प्रत्येक कट जवळच्या फ्रेमवर सरकवायचा, आणि १,६४० कट आवाजाशी डोळ्यांनी ताडून बघायचे. काम किचकट, पण चित्रपट तोच राहतो.

आणि हे काम त्याच मुलाने करायचं, असं मी म्हटलं. माझ्या शब्दाला तिथे थोडा मान होता म्हणून ते ऐकून घेतलं गेलं. कारण उदारपणाचं नव्हतं. कुठल्या कटात नटीचा श्वास वाचवायला दोन फ्रेम उशीर केलाय, हे त्यालाच ठाऊक होतं. नव्या माणसाने गणिताने कट बसवले असते आणि नेमक्या त्या जागा मेल्या असत्या.

नऊ दिवस

पहिली रात्र त्याने एक्सेलमध्ये घालवली आणि चुकली. प्रत्येक शॉटची लांबी २४/२५ ने गुणली, पूर्णांकात आणली आणि एकामागे एक शॉट लावले. पहिल्या मिनिटाला ठीक. रिळाच्या शेवटी चित्र आवाजापासून ७ फ्रेम दूर. दोनशे सत्तर वेळा थोडं थोडं पूर्णांकात आणलं की ते थोडं थोडं साठत जातं. लांबी नाही, जागा बदलायची. कटची रिळाच्या आरंभापासूनची फ्रेम मोजायची, तिला गुणायचं, आणि एका शॉटचा शेवट म्हणजे पुढच्याचा आरंभ धरायचा. उदाहरण घ्या: कट ००:०३:१२:१७ वर आहे. २५ च्या हिशोबात ती ४,८१७ वी फ्रेम. गुणिले २४, भागिले २५: ४,६२४.३२. म्हणजे ४,६२४, अर्थात ००:०३:१२:१६. चूक सुमारे १३ मिलिसेकंदांची आणि ती तिथेच संपते, पुढच्या कटाला चिकटत नाही.

यावेळी यादी म्हणून ईडीएल नको, एक्सएमएल घे असं सांगितलं. तिच्यात प्रत्येक शॉटचा स्वतःचा वेग लिहिलेला असतो.

कटाची जागा जास्तीत जास्त अर्धी फ्रेम सरकते, मूळ फुटेजमधून शॉट जिथून उचलला तो आरंभही अर्धी फ्रेम. दोन्ही चुकांची बेरीज झाली तर एक फ्रेम, ४१.७ मिलिसेकंद. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे गेला की माणसाला जाणवू लागतो असं धरलं आहे. आपण काठाच्या आत होतो, पण काठावरच. म्हणून डोळ्यांनी बघणं टाळता येत नव्हतं. १,६४० पैकी त्याने १९० च्या आसपास हाताने एक-एक फ्रेम हलवले.

ड्रोनच्या शॉटना आवाज नव्हता, त्यांना सरळ २४ वर चालवलं. चार टक्के संथ झाले आणि खरं सांगायचं तर जास्त चांगले दिसले. नेरूळच्या भावांकडच्या २३ शॉटचं दुखणं वेगळं. त्यांना दिलेले शॉट २५ च्या टाइमलाइनमधूनच काढलेले, म्हणजे दोनदा दाखवलेल्या फ्रेम त्यांत भाजून पक्क्या झालेल्या. १४ शॉटमधून सेकंदाला एक याप्रमाणे ती जुळी फ्रेम उपटून काढता आली. ९ मध्ये वेग कमी-जास्त केलेला होता, ते पुन्हा करावे लागले. धाकट्या भावाने त्याचे पैसे मागितले. योग्यच होतं.

चौथ्या दिवशी कीर्तनाला अडलो. सहा मिनिटांचं सलग टेक, दोन कॅमेरे. मुख्य कॅमेऱ्याचे टाळ चोख, मिररलेसवर कट गेला की टाळ मिटताना दिसतो आधी आणि वाजतो नंतर. आणि जसजसं कीर्तन पुढे जावं तसतसं अंतर वाढतं. हा तो २३.९७६. हजारात एकाचा फरक, सहा मिनिटांत ०.३६ सेकंद, म्हणजे जवळजवळ ९ फ्रेम. जुन्या टाइमलाइनवर सॉफ्टवेअर हेही मुकाट्याने सांभाळत होतं. इथे फ्रेमला फ्रेम बसवल्यावर उघडं पडलं. उपाय सोपा निघाला, कारण त्या कॅमेऱ्यावरचा एकही कट आठ सेकंदांहून मोठा नव्हता. एवढ्या वेळात फ्रेमचा पाचवा भागसुद्धा घसरत नाही. फक्त प्रत्येक कटाचा आरंभ गणिताने बरोबर लावायचा. तरी त्याने सगळं ऐकून-बघून केलं. दोन दिवस त्या खोलीत एकच अभंग चालू होता. खालच्या मजल्यावरच्या आजी विचारायला आल्या, सप्ताह आहे का.

चित्र-आवाज जुळवायला टाळासारखी क्लॅप नाही, हे मी तेव्हा शिकले. ओठांत थोडं इकडेतिकडे खपतं. धातूवर धातू आपटताना खपत नाही.

थिएटर

अंधेरीच्या डीआयने रिकामी झालेली तारीख दुसऱ्याला दिली होती. आम्हाला रात्रीचे तास मिळाले. रंग झाला, मिक्स झालं, डीसीपी निघाली. ठाण्यातल्या एका थिएटरात सकाळी सातला, पहिल्या खेळाआधी, ती लावून पाहिली. आठ माणसं आणि झाडू मारणारे एक मामा.

पॅन गुळगुळीत होते. दिग्दर्शक मागे वळून म्हणाले, "अरे, मग तो लॅपटॉप अडकत नव्हता तर." कुणी उत्तर दिलं नाही.

चौथ्या रिळात एका ठिकाणी मुलगा दचकला. मला काही दिसलं नाही, दिग्दर्शकांनाही नाही. तो म्हणाला, दार आपटतं तिथे दोन फ्रेम. परत लावून पाहिलं, होत्या. मी म्हटलं, सोड, एवढं कुणाला कळत नाही. त्याने सोडलं नाही. डीसीपीत प्रत्येक रिळाची चित्रफाइल वेगळी असते, त्यामुळे सगळी प्रत पुन्हा काढावी लागत नाही, एक रीळ बदलून यादी नवी केली की झालं. त्या रात्री तो परत अंधेरीला गेला. मी गेले नाही.

पैसे आणि पुढचं

मानधनाचा शेवटचा हप्ता अडकला. करारपत्र म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरचे चार मेसेज. पुन्हा करायच्या कामाचे पैसे कुणी द्यायचे याचा उल्लेख नाही, टाइमलाइनचा वेग कुणी ठरवायचा याचाही नाही. मोठ्या चित्रपटावर हे ठरवायला पोस्ट सुपरवायझर असतो. शूटिंगच्या आधी तो प्रत्येक कॅमेऱ्याचा एक मिनिटाचा शॉट घेऊन संकलन, साउंड, डीआय, डीसीपी असा शेवटपर्यंत फिरवून बघतो. इथे तो नव्हता. निर्मात्यांनी ते पैसे वाचवले होते. शेवटी तडजोड झाली: व्हीएफएक्सचा खर्च निर्मात्यांनी उचलला, मुलाचा हप्ता निम्मा मिळाला. माझ्या मते तो पूर्ण मिळायला हवा होता. चूक त्याची होती हे खरं, त्याने रिपोर्ट उघडला नाही आणि बटण दाबलं. पण त्या साखळीत पाच जण होते, आणि पाचांपैकी एकानेही दुसऱ्याला आकडा विचारून खात्री केली नाही. निम्मा हप्ता कापला गेला तो एकट्याचाच.

गंमत म्हणजे ज्या डीआयवाल्यांनी फाइल करप्ट म्हटली होती त्यांनीच त्याला नोकरी देऊ केली. कन्फॉर्म आर्टिस्ट: संकलकाच्या यादीवरून मूळ फुटेज जोडून पूर्ण दर्जाचा चित्रपट उभा करायचा. दरमहा पगार, काम बहुतेक रात्रीचं. त्याच आठवड्यात दिग्दर्शकांच्या एका मित्राने चित्रपट विचारला, संकलक म्हणून, पैसे कमी आणि सुरुवात कधी ते माहीत नाही. आईचा प्रश्न एकच होता: "दर महिन्याला येतील ना?"

त्याने मला विचारलं. मी म्हटलं, चित्रपट घे. नोकरीत गेलास तर लोक तुला 'तो कन्फॉर्मवाला' म्हणतील आणि मग कापायला कुणी बोलावणार नाही. हे मी अनुभवाने सांगितलं. पोस्ट सुपरवायझर झाल्यापासून मला गेल्या अकरा वर्षांत कुणी 'तू कापशील का' असं विचारलेलं नाही.

त्याने नोकरी घेतली. म्हणाला, "ताई, चार वर्षं मी कापतच होतो. कापलेलं पुढे कुठे जातं ते एकदा बघतो." आठ महिने केली. त्या काळात चाळीसेक चित्रपटांच्या आणि वेब मालिकांच्या याद्या त्याच्या हाताखालून गेल्या. नावाजलेल्या संकलकांची टाइमलाइन आतून कशी असते ते त्याने पाहिलं. काहींची देवघरासारखी, काहींची माळ्यासारखी. माझा सल्ला चुकला असं मी अजून म्हणत नाही, पण हे त्याला दुसरीकडे कुठे बघायला मिळालं असतं ते मला सांगता येत नाही.

रविवारच्या मुलांना मी आता सॉफ्टवेअरचं उत्तर देते ते असं: एडिटिंग आणि रंग दोन्ही ज्यात आहे असं एखादं फुकट मिळतं, त्यावर शिक. मग त्याच सॉफ्टवेअरमध्ये २४ चा, २३.९७६ चा आणि २५ चा शॉट एका टाइमलाइनवर ठेव आणि एक-एक फ्रेम पुढे जात वहीत लिही की काय दिसलं. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये जायचं तर जा, तिथे कथा कापायला शिकवतील. पण ही वही कुणी लिहून देणार नाही. बहुतेक मुलं पुढच्या रविवारी येत नाहीत.

आता तो दुसरा चित्रपट कापतोय. त्या मित्राचाच, तो एवढे महिने सुरूच झाला नव्हता. शूटिंग जव्हारजवळ आहे. पहिल्या दिवसाच्या आदल्या रात्री त्याने कॅमेरा, साउंड, ड्रोन, डीआय सगळ्यांना एका ग्रुपवर घेऊन एकच मेसेज टाकला: तुमच्या यंत्रावर वेगाचा जो आकडा दिसतोय तो दशांशासकट लिहा, नाहीतर स्क्रीनचा फोटो पाठवा. साउंडने फोटो पाठवला. डीआयने '२४.०००' लिहिलं. ड्रोनवाल्याने अंगठा दाखवला.

रात्री साडेअकराला त्याने ड्रोनवाल्याला फोन लावला. मी त्या खोलीतच होते.

"दादा, अंगठा नको. आकडा सांगा."